एप्रन घातल्यानंतरचा प्रश्न

टर्मिनलची परीक्षा संपली की माझ्या खोलीच्या दाराशी एखादा विद्यार्थी घुटमळताना दिसायचा. हातात जर्नल, सहीचं निमित्त. सही झाली तरी तो हलायचा नाही. असाच एक मुलगा मला लख्ख आठवतो. हिंगोली जिल्ह्यातला, घरची चार एकर कोरडवाहू. खुर्चीच्या कडेवर टेकला, जर्नलची पानं उगाच मागेपुढे केली आणि म्हणाला, "सर, मला नाही जमणार हे." थोडं थांबून म्हणाला, "आणि जमलं तरी हवंय का, तेच कळेना झालंय." मग त्याने मोबाइल पुढे केला. गावच्या एसटी स्टँडसमोर लावलेल्या बॅनरचा फोटो होता. मधोमध त्याचा पासपोर्ट साइझचा चेहरा मोठा केलेला, भोवती सरपंचांपासून मामांपर्यंत पंधरा चेहरे, वर 'हार्दिक अभिनंदन'. "अजून काढला नाही तो. घरी काही सांगू नका, सर."

पंचवीसेक वर्षं मी एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला फिजिओलॉजी शिकवलं. 'मला नाही जमणार' हे वाक्य कितीतरी तोंडून ऐकलं. बहुतेक वेळा ते ऐकणारा मी पहिलाच माणूस असे, आणि मला खुपत आलं ते हेच. एमबीबीएस पूर्ण करावं की सोडावं, याचं सगळ्यांना लागू पडेल असं उत्तर नाही. पण हा प्रश्न होस्टेलच्या खोलीत, रात्री दोन वाजता, कुणालाही न सांगता सोडवायचा नाही, एवढं मी खात्रीने सांगू शकतो. म्हणून हा प्रश्न इथे सगळ्या बाजूंनी मांडून पाहतो आहे.

निर्णय होतो सोळाव्या वर्षी

डॉक्टर होण्याचा निर्णय मेडिकल कॉलेजच्या फाटकात होत नाही. तो दहावीच्या निकालानंतर, अकरावीचा ग्रुप निवडताना होतो. बी ग्रुप घेतला की गणित सुटतं, आणि गणिताबरोबर अभियांत्रिकीपासून संख्याशास्त्रापर्यंतची दारं बंद होतात. त्या वेळी मूल पंधरा-सोळा वर्षांचं असतं. पुढची दोन वर्षं लातूर, नांदेड, संभाजीनगर किंवा पुण्यात खोली, मेस, क्लास आणि टेस्ट सिरीज. 'लातूर पॅटर्न'ने खेड्यापाड्यांतल्या मुलांना मोठ्या शहरांच्या बरोबरीने उभं केलं, हे त्याचं ऋण मान्य करायलाच हवं. पण या दोन वर्षांत मूल हजारो प्रश्नांना चार पर्यायांतून उत्तरं देतं. आजारी माणसाशेजारी बसायला तुला आवडतं का, हा प्रश्न त्या संचात नसतो.

स्पर्धा तर भयंकरच. २०२४ च्या 'नीट'साठी देशभरातून सुमारे २४ लाख मुलांनी नाव नोंदवलं होतं. एमबीबीएसच्या जागा तेव्हा एक लाखाच्या थोड्या वर होत्या, आणि त्यांतल्या साधारण निम्म्या सरकारी. अनेक जण एकदा, दोनदा रिपीट करून येतात. घरातल्या वडीलधाऱ्यांनी जमीन गहाण ठेवलेली असते, धाकट्या बहिणीचं शिक्षण थोडं मागे ढकललेलं असतं. एवढं झाल्यावर मिळालेल्या जागेबद्दल शंका येणं हेच मुलाला पाप वाटू लागतं. त्याची अर्धी कोंडी इथेच तयार होते.

शंका कुठल्या वळणावर येते

पहिल्या वर्षाची शंका स्वतःबद्दलची असते. अ‍ॅनाटॉमी, फिजिओलॉजी, बायोकेमिस्ट्री. डिसेक्शन हॉलमधला फॉर्मलिनचा वास, जो हात कितीही धुतले तरी डब्यातल्या पोळीला येतो. दर काही दिवसांनी पार्ट कम्प्लिशनची तोंडी परीक्षा. वर्गातलं प्रत्येक मूल आपापल्या शाळेत पहिलं आलेलं असतं. आता त्यांच्यातही कुणीतरी शंभरावं येणारच. आयुष्यात पहिल्यांदा नापास झालेल्या मुलाला 'एका विषयात कमी पडलो' आणि 'मी या कामाचाच नाही' यांतला फरक कळत नाही. मराठी माध्यमातून आलेल्यांचा त्रास आणखी वेगळा. उत्तर माहीत असतं, पण व्हायवाला इंग्रजीत ओठांवर येत नाही, आणि परीक्षकाला वाटतं वाचलंच नाही. २०१९ पासून नव्या अभ्यासक्रमात सुरुवातीला फाउंडेशन कोर्स आला, त्यात भाषेची तयारीही आहे. पण भाषा काही महिन्याभरात अंगवळणी पडत नाही.

दुसऱ्या वर्षी पॅथॉलॉजी, फार्मकॉलॉजी, मायक्रोबायॉलॉजी सुरू होतात, वॉर्डातली पोस्टिंग वाढतात आणि शंकेचं तोंड रुग्णाकडे वळतं. एक विद्यार्थिनी मला मेडिसिनच्या वॉर्डातला प्रसंग सांगायला आली होती. एका म्हातारीची प्लीहा वाढलेली, म्हणजे शिकायला 'चांगली केस'. पोट तपासणारी ही सातवी विद्यार्थिनी. म्हातारी तक्रार करत नव्हती. फक्त म्हणाली, "बाय, तू तरी हात जरा चोळून गरम करून लाव." मुलीने हात चोळले, तपासलं, बाहेर येऊन जिन्यात बसून रडली. "सर, माझं मन इतकं कच्चं असेल तर मी डॉक्टर होऊच नये ना?" ज्या गुणासाठी तिने या व्यवसायात थांबायला हवं होतं, त्यालाच ती आपली अपात्रता समजत होती. हे तिला सांगणारं त्या दिवशी कुणी भेटलं नसतं, तर?

शेवटच्या वर्षांत हिशेब सुरू होतो. साडेचार वर्षं अभ्यास, एक वर्ष इंटर्नशिप, सरकारी कॉलेजातून झालं असेल तर ग्रामीण सेवेचं वर्ष, मग तीन वर्षांचं पदव्युत्तर, काहींना त्यापुढे सुपर-स्पेशालिटीची तीन. 'नीट-पीजी'ला बसणाऱ्यांची संख्या आता दोन लाखांच्या पुढे गेली आहे. बारावीला बरोबर असलेली मैत्रीण बाविसाव्या वर्षी पगार घरी पाठवते, आणि इकडे पंचविशीतही वडिलांकडे मेसचे पैसे मागावे लागतात. इंटर्नशिप आणि रेसिडेन्सीत झोप जाते, नातेवाइकांचा राग अंगावर येतो. डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राने २०१० साली कायदा केला, यावरूनच परिस्थितीची कल्पना यावी.

आकडे काय सांगतात

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी कृतिदल नेमलं. त्याचा अहवाल २०२४ साली आला. एमबीबीएसच्या २५ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी त्यातल्या ऑनलाइन पाहणीला उत्तरं दिली. त्यांपैकी २७.८ टक्क्यांनी आपल्याला मानसिक आजार असल्याचं नोंदवलं. गेल्या वर्षभरात जीव देण्याचा विचार मनात आल्याचं १६.२ टक्के पदवीच्या आणि ३१ टक्के पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी सांगितलं.

हे आपल्याकडेच आहे असंही नाही. २०१६ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकाने ४३ देशांतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यात वैद्यकीय विद्यार्थ्यांमध्ये नैराश्याचं किंवा त्याच्या लक्षणांचं प्रमाण २७.२ टक्के निघालं. त्यातला दुसरा आकडा मला जास्त अस्वस्थ करतो: नैराश्याची लक्षणं असलेल्यांपैकी उपचार घेतलेले जेमतेम १५.७ टक्के. उपचार देण्याचं शिक्षण घेणारी ही मुलं स्वतःसाठी उपचार मागत नाहीत.

आता शिक्षण सोडणाऱ्यांचे आकडे पाहू. आयोगाकडच्या पाच वर्षांच्या माहितीनुसार देशभरात एमबीबीएस सोडणारे दीडशेच्या आसपास, पदव्युत्तर जागा सोडणारे हजाराच्या वर. पदव्युत्तरमध्ये दुसऱ्या शाखेसाठी जागा सोडणारेही असतात, तरी फरक लक्षणीय आहे. आणि एमबीबीएसचा आकडा इतका लहान, याचा अर्थ सगळे सुखात आहेत असा होत नाही. चारांतला एक जण आजारी असल्याचं सांगतो आणि लाखोंत दीडशे जण बाहेर पडतात. या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत ती मुलं आहेत, जी ना सोडू शकतात, ना नीट शिकू शकतात. आपली काळजी त्यांच्यापाशी पोचायला हवी.

एका वाक्यामागचे चार प्रश्न

'मला नाही जमणार' या वाक्यामागे चार निरनिराळे प्रश्न दडलेले असतात, आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे.

पहिला प्रश्न आजाराचा. झोप उडाली आहे, भूक नाही, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतही मन लागत नाही, जगणंच नको वाटतं, असं आठवडेच्या आठवडे चाललं असेल तर तो कोर्सचा प्रश्न नाही. आधी उपचार, निर्णय नंतर. नैराश्यात घेतलेला निर्णय आपण घेतो असं वाटतं, प्रत्यक्षात तो आजार घेत असतो. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आहे, मराठीतही बोलता येतं. ज्याच्या मनात जीव देण्याचा विचार येतो आहे, त्याने आज, आत्ता कुणाला तरी सांगावं. सीट, बाँड, फी, बॅनर, सगळं त्यानंतर.

दुसरा प्रश्न ठिकाणाचा. कॉलेज, होस्टेल, एखादं युनिट, रॅगिंग, जातीवरून होणारा छळ. २०१९ साली मुंबईत निवासी डॉक्टर पायल तडवी यांच्या मृत्यूनंतर हा विषय देशभर निघाला आणि त्यांच्या आईला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. असा त्रास सोसणारं मूल 'मला मेडिसिन आवडत नाही' असं म्हणतं, कारण खरं कारण सांगायची त्याला भीती वाटते. इथे कोर्स सोडणं म्हणजे दुसऱ्याच्या गुन्ह्याची शिक्षा आपण भोगणं. लेखी तक्रार, रॅगिंगविरोधी समिती, घरच्यांची साथ, हे मार्ग आधी.

तिसरा प्रश्न अभ्यासाचा. भाषा, वाचनाची पद्धत, वेळेचं गणित. हा सगळ्यांत जास्त आढळतो आणि सगळ्यांत जास्त सुटतो. नियमांची चौकट मात्र माहीत हवी: पहिल्या वर्षाची परीक्षा जास्तीत जास्त चार प्रयत्नांत पार करावी लागते आणि एमबीबीएस प्रवेशापासून नऊ वर्षांत पूर्ण व्हावं लागतं. एक वर्ष मागे पडणं म्हणजे सगळं संपणं नव्हे, हा या नियमाचा दुसरा अर्थ. 

चौथा प्रश्न खऱ्या नावडीचा किंवा दुसऱ्या ओढीचा. तब्येत ठीक, कॉलेज ठीक, मार्कही ठीक, आणि तरी हे माझं काम नाही असं आतून वाटत राहतं.

कुणाचा प्रश्न कुठला, हे ओळखायला मी एक साधा प्रश्न विचारत असे: "उद्या सगळ्या विषयांत पास झालास, तर राहशील?" बहुतेकांचा चेहरा लगेच उजळायचा. त्यांना अभ्यासात मदत हवी असायची. थोडे जण मात्र शांतपणे म्हणायचे, "नाही सर, तरीही नाही." त्यांचं ऐकायला हवं.

बाहेर पडण्याची किंमत

आपल्याकडे एमबीबीएसमधून अधल्यामधल्या टप्प्यावर सन्मानाने बाहेर पडायला वाट नाही. चार वर्षं घासून कोर्स सोडला तरी हातात कुठलीही पदवी येत नाही. ब्रिटनमध्ये अनेक ठिकाणी वैद्यकीय शिक्षणाच्या मध्येच एक वर्ष घालून विज्ञानाची स्वतंत्र पदवी घेता येते. पुढे वाट बदलली तरी ती पदवी आपली राहते. आपल्याकडे असलं काही नाही.

पैशाचा भाग आणखी कठीण. सरकारी कॉलेजची फी वर्षाला लाख-दीड लाखाच्या घरात असते, अभिमत विद्यापीठांत ती वीस लाखांच्या पुढे जाते. खासगी ठिकाणी मधेच सोडणाऱ्याकडे उरलेल्या वर्षांची फी मागितली जाते, मूळ कागदपत्रं अडकतात. अनेक राज्यांनी जागा सोडण्याबद्दल मोठ्या रकमेचे बाँड लिहून घेतले. त्यामागचं कारण खोटं नाही: प्रवेशाची मुदत संपल्यावर सुटलेली जागा भरता येत नाही, ती पुढची सगळी वर्षं रिकामी राहते आणि एक डॉक्टर कमी होतो. पण न झेपणाऱ्या मुलाला पैशाच्या धाकाने डांबून ठेवलं म्हणून डॉक्टर तयार होतो असंही नाही. जानेवारी २०२४ मध्ये आयोगाने राज्यांना पत्र लिहून या बाँडची प्रथा बंद करावी, हवं तर अशा विद्यार्थ्याला वर्षभर राज्यात प्रवेश देऊ नये, असं सुचवलं. पदवीनंतरच्या सरकारी सेवेचा बाँड ही वेगळी गोष्ट. घरी अनेकदा दोन्हींची गल्लत होते. म्हणून निर्णयाआधी प्रवेशाच्या वेळी सही केलेला प्रत्येक कागद काढून वाचायचा.

सोडून जायचं कुठे, हेही पाहायला हवं. बारावीचे पीसीबीचे गुण हातात असतात, त्यावर बीएस्सी, फार्मसी, कृषी, पाच वर्षांचं विधी, मानसशास्त्र, अर्थशास्त्र यांच्या वाटा खुल्या असतात. गणित घेतलेलं असेल तर आणखी. 'इथून सुटायचंय' एवढंच ठाऊक असलेला आणि 'तिथे जायचंय' हे ठाऊक असलेला, या दोघांच्या पुढच्या पाच वर्षांत फार अंतर पडतं.

सोडलेले आणि पूर्ण करून वळलेले

डार्विन १८२५ साली एडिंबरोत वैद्यक शिकायला गेला. भूल देण्याचा शोध तेव्हा लागलेला नव्हता. शुद्धीतल्या माणसावरच्या शस्त्रक्रिया त्याला बघवल्या नाहीत आणि दोन वर्षांत त्याने ते शिक्षण सोडलं. जगदीशचंद्र बोस लंडनला वैद्यक शिकायला गेले, प्रकृतीने साथ दिली नाही म्हणून केंब्रिजला विज्ञानाकडे वळले.

मराठी घरांत मात्र वेगळी नावं निघतात. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद होते. १९६९ साली ते पूर्णवेळ रंगभूमीवर आले. डॉ. अनिल अवचट एमबीबीएस झाले, लेखनाकडे वळले, आणि १९८६ साली डॉ. सुनंदा अवचट यांच्यासह मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राचं काम उभं केलं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी साताऱ्यात बारा वर्षं प्रॅक्टिस केली आणि मग समाजकार्याला वाहून घेतलं. दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, अभिनेते डॉ. मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ. ही उदाहरणं देताना आपण एक गोष्ट विसरतो: यांतल्या प्रत्येकाने पदवी पूर्ण केली होती. ते वळले तेव्हा त्यांच्या हातात एक पोट भरणारं कौशल्य होतं, परतीचा रस्ता होता. म्हणून 'लागूंनी सोडलंच ना' हे वाक्य पहिल्या वर्षाच्या मुलाला लागू पडत नाही. आणि डार्विनच्या पाठीशी वडिलांची संपत्ती होती, हिंगोलीच्या चार एकरवाल्याच्या पाठीशी ती नसते.

या नावांतून घ्यायचा धडा निराळा आहे. ही पदवी आपण समजतो त्यापेक्षा रुंद आहे. रोज रुग्णांच्या रांगेला सामोरं जाणं ज्याला झेपत नाही त्याला पॅथॉलॉजी, मायक्रोबायॉलॉजी, न्यायवैद्यक आहे. शिकवण्याची आवड असेल तर माझ्यासारखी आयुष्यभराची नोकरी आहे. सार्वजनिक आरोग्य, औषध-संशोधन, रुग्णालय-प्रशासन, स्पर्धा परीक्षा आहेत. अंतिम वर्षाजवळ पोचलेल्याने शक्य असेल तर पदवी पदरात पाडून मग वळावं, असं मी सांगत आलो. पहिल्या वर्षातल्या, चौथा प्रश्न खरा असलेल्या मुलाला मात्र मी उलट सांगत आलो: जायचंच असेल तर आता जा, पाच वर्षांनी नको.

काय बदलायला हवं

अकरावीआधी प्रत्येक इच्छुक मुलाने निदान आठवडाभर सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत बसून पाहावं. जिल्हा रुग्णालयांनी आणि शाळांनी मिळून हे सहज जमवता येईल. ज्याला झेपेल त्याने गणित सोडू नये. कॉलेजात विद्यार्थ्याचा मेंटॉर तोच त्याचा परीक्षक असू नये. ज्याच्या हाती आपले इंटर्नल मार्क आहेत, त्याच्यापाशी कुणीही मन मोकळं करत नाही. आजारपणासाठी वर्षभराची रजा घेणं लाजिरवाणं राहू नये. तीन वर्षं पूर्ण केलेल्याला वैद्यकीय विज्ञानाची पदवी देऊन बाहेर पडायची सोय असावी. आणि रेसिडेंटच्या कामाचे तास कागदावरून वॉर्डात उतरावेत: १९९२ च्या केंद्रीय निवासी योजनेने आठवड्याला ४८ तास सांगितले होते, २०२४ च्या कृतिदलाने ७४ ची मर्यादा सुचवली. बत्तीस वर्षांत आपली अपेक्षाच किती खाली आली, ते या दोन आकड्यांत दिसतं.

घरच्यांनी करायची गोष्ट एकच, आणि तिला पैसे लागत नाहीत. मुलाला आधीच, आपणहून सांगून ठेवायचं: नाही जमलं तर घरी ये, आपण बघू. ज्या मुलांना हे वाक्य ऐकायला मिळालं, त्यांतली बरीच शेवटी डॉक्टर झाली. दार उघडं आहे हे कळल्यावर त्यांना आत बसून अभ्यास करणं जमलं.

वॉर्डातल्या जिन्यात रडलेली ती मुलगी आज जिल्ह्याच्या गावी मेडिसिनची डॉक्टर आहे. हिंगोलीच्या मुलाचं उत्तर मात्र "नाही सर, तरीही नाही" असं होतं. दोन महिने समुपदेशकाकडे गेला, तब्येत सुधारली, एका विषयात चांगले मार्कही पडले. उत्तर तेच राहिलं. मग त्याच्या परवानगीने मी वडिलांना बोलावलं. ते रात्रीच्या एसटीने आले, डिपार्टमेंटच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली. मुलगा पायांकडे बघत सगळं बोलला, शेवटी बॅनरवर येऊन अडखळला. वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बॅनरचं काय घेऊन बसलास. लावणारे आम्हीच, काढणारे बी आम्हीच."

तो मुलगा पुढे कृषी शिकला. आज माती तपासणीच्या प्रयोगशाळेत आहे. मध्यंतरी त्याने फोटो पाठवला: बांधावर तो आणि वडील, हातात मातीचा नमुना. फोटोत बाकी कुणाचाच चेहरा नव्हता.